स्विच : संगणकांच्या जाळ्यातील मध्यस्थाचा इतिहास

दूरध्वनीच्या जाळ्याचा इतिहास हा आरंभापासूनच मध्यवर्ती केंद्राचा इतिहास आहे. १८७८ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, १८८२ साली मुंबईतही एक्स्चेंज आले, आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे आल्मन स्ट्राउजर यांच्या रचनेचे स्वयंचलित एक्स्चेंज चालू झाल्यावर जोडणी करून देणाऱ्या माणसाची जागा यंत्र घेऊ लागले. तरी या सर्व काळात दोन टोकांमधले बोलणे मधल्या केंद्रातूनच जाई आणि जाळ्याची सारी बुद्धी त्या केंद्रात एकवटलेली असे. एका इमारतीतील किंवा एका आवारातील संगणकांना जोडणाऱ्या स्थानिक जाळ्याचा इतिहास मात्र उलट दिशेने घडला. त्यातील सर्वांत यशस्वी ठरलेल्या इथरनेट या पद्धतीने आरंभी मध्यस्थ हेतुपुरस्सर वगळला, आणि सतरा वर्षांनी स्विचच्या रूपाने जो मध्यस्थ आला तो जाळ्यातील संगणकांच्या नकळत आला. स्विचच्या प्रसाराचे खरे कारण या नकळत येण्यात आहे, आणि त्याच्या आजवर न सुटलेल्या दोषांचे मूळही तेथेच आहे.

मध्यस्थ वगळण्याची कल्पना हवाई बेटांवरून आली. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे रेडिओवर चालणारे जाळे उभे केले, ज्यात वेगवेगळ्या बेटांवरील केंद्रे परवानगी न विचारता एकाच सामायिक लहरीवर आपला संदेश पाठवीत. दोन संदेश एकाच वेळी निघाले तर ते एकमेकांत मिसळून वाया जात, पोच मिळत नसे, आणि प्रत्येक केंद्र यादृच्छिक काळ थांबून पुन्हा पाठवी. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी या पद्धतीचा गणिती अभ्यास केला होता. २२ मे १९७३ रोजी त्यांनी लिहिलेल्या टिपणात हेच तत्त्व रेडिओऐवजी एका लांब केबलवर आणले गेले, आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी ते प्रत्यक्षात उतरवले. केंद्रातील ‘आल्टो’ संगणक या केबलला जोडलेले असत व सेकंदाला २९.४ लाख बिटांचा वेग ते सर्व आपसांत वाटून घेत. केबल स्वतः काहीच करीत नसे. एकाने टाकलेला संदेश सर्वांपर्यंत जाई आणि ज्याच्या नावाचा असेल तो संगणक तेवढा उचलून घेई. मधे बिघडण्यासारखे यंत्रच नसल्यामुळे सगळे जाळे एकदम बंद पाडणारा कोणताही एक संगणक नव्हता, ही या रचनेची मोठी शक्ती होती.

या शक्तीची किंमत वेळेच्या हिशेबात चुकवावी लागे. संदेश पाठवण्याआधी केबल मोकळी आहे का हे संगणक ऐकून घेई, पाठवताना टक्कर झाली का हे पाहत राही, आणि टक्कर झाल्यास थांबून पुन्हा प्रयत्न करी. थांबण्याचा काळ दर टक्करीनंतर दुपटीने वाढणाऱ्या मर्यादेतून यदृच्छेने निवडला जाई आणि सोळा प्रयत्न फसले की तो संदेश सोडून दिला जाई. टक्कर वेळीच कळावी यासाठी संदेश पुरेसा लांब असणे आवश्यक होते, नाहीतर केबलच्या दुसऱ्या टोकाची टक्कर परत ऐकू येण्यापूर्वीच पाठवणाऱ्याचे काम संपून जाई. म्हणून पुढे प्रमाणित झालेल्या सेकंदाला एक कोटी बिटांच्या इथरनेटमध्ये संदेशाची लहानात लहान लांबी ६४ बाइट ठरली, कारण ५१२ बिट पाठवायला लागणाऱ्या ५१.२ मायक्रोसेकंदांत संकेताने जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येणे भाग होते. यातून जाळ्याच्या पसाऱ्यालाही सुमारे अडीच किलोमीटरची मर्यादा पडली. वेग वाढवला तर जाळे आखूड करावे लागे आणि संगणक वाढवले तर टक्करी वाढत. स्विच पुढे जी अडचण सोडवणार होता ती अशा रीतीने पहिल्या रचनेतच गोवलेली होती.

ती सुटण्यासाठी लागणारी सामग्रीही स्विचच्या दहा वर्षे आधीच तयार झाली, आणि या इतिहासातील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय तोच म्हणावा लागेल. झेरॉक्समधील प्रायोगिक इथरनेटमध्ये संगणकाचा पत्ता अवघा आठ बिटांचा होता, म्हणजे एका जाळ्यात २५६ हून अधिक पत्ते शक्यच नव्हते, आणि एका जाळ्यातील क्रमांक दुसऱ्या जाळ्यातही आढळू शकत होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी सप्टेंबर १९८० मध्ये इथरनेटचे जे संयुक्त प्रमाण प्रसिद्ध केले, त्यात पत्ता ४८ बिटांचा झाला. या निर्णयामागचा विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात मांडला. दलाल हे मुंबईच्या आयआयटीतून १९७२ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन स्टॅनफर्डला गेले होते, आणि इंटरनेटचा पाया ठरलेल्या टीसीपी या संदेशवहनाच्या नियमसंचाचे १९७४ चे पहिले विवरण ज्या तिघांनी लिहिले त्यांत व्हिन्ट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर तेही होते. प्रत्येक यंत्राला जगात दुसऱ्या कोणालाही न दिलेला क्रमांक कारखान्यातच मिळावा आणि ते यंत्र कोणत्याही जाळ्यात नेले तरी तो बदलू नये, अशी ही भूमिका होती. पत्त्याचे पहिले २४ बिट उत्पादकाला नेमून दिले जातात व उरलेल्या २४ बिटांतून तो सुमारे १ कोटी ६७ लाख यंत्रांना वेगळे क्रमांक देतो. पुढे या वाटपाची जबाबदारी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेली, आणि ‘मॅक पत्ता’ या नावाने हा क्रमांक आज ओळखला जातो. शिवाय संदेशाच्या चौकटीत, म्हणजे ज्याला ‘फ्रेम’ म्हणतात त्या ठरीव मांडणीत, ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता सर्वांत आधी आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लगेच त्यामागे येतो. सामायिक केबलवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा टपालापुरता उपयोग फारसा नव्हता. उत्तर कोणाला द्यायचे एवढेच त्यावरून कळे. पण स्विचची सगळी विद्या पुढे याच दुसऱ्या पत्त्यावर उभी राहिली.

ती विद्या प्रथम साधली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये. त्या काळातील काही संदेशपद्धती, विशेषतः टर्मिनले जोडण्यासाठी या कंपनीने वापरलेली पद्धत, एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वाट काढण्याची सोय नसलेल्या होत्या, कारण इथरनेट म्हणजेच सगळे जग असे त्यांनी गृहीत धरले होते. असे संदेश राउटरच्या, म्हणजे जाळ्यांच्या व्यापक पत्त्यांवरून मार्ग ठरवणाऱ्या यंत्राच्या, उपयोगाचे नव्हते. तेव्हा संगणकांना काहीही बदलायला न लावता दोन केबलींमध्ये बसवता येईल अशी पेटी हवी होती, आणि ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात मार्क केम्फ यांनी ती सिद्ध केली. तिला ‘ब्रिज’ हे नाव मिळाले. ब्रिज दोन्ही बाजूंचा प्रत्येक संदेश ऐकतो, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो, आणि हा पत्ता अमुक बाजूला राहतो अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो; नंतर त्या पत्त्यासाठी संदेश आला तर तक्ता पाहून तो त्याच बाजूला सोडतो, आणि देणारा-घेणारा एकाच बाजूचे असतील तर पलीकडे जाऊच देत नाही. नव्या गावात आलेला टपालवाला कोणालाही पत्ते न विचारता, गावकऱ्यांनी पाठवलेल्या पत्रांवरील नावे व ती कोणत्या पेटीत पडली हे पाहूनच कोण कोठे राहतो हे शिकत जावा, तसे हे आहे. तक्त्यात नसलेल्या पत्त्याचा संदेश आला तर तो सर्व बाजूंना पाठवला जातो, आणि त्याला उत्तर आले की पत्ता सापडतो. यंत्र हलवले गेले असेल या शक्यतेसाठी प्रत्येक नोंदीला आयुष्य ठरवलेले असते, जे प्रमाणाप्रमाणे सहसा ३०० सेकंद असते. अज्ञानाच्या वेळी चूक करायची ती जास्त ठिकाणी पाठवण्याची, कमी ठिकाणी पाठवण्याची नाही, हे या पद्धतीचे शहाणपण आहे.

मात्र या शहाणपणात एक घातक उणीव होती. इथरनेटच्या फ्रेममध्ये संदेशाने किती टप्पे ओलांडले याची नोंद ठेवायला जागाच नाही, कारण मुळात टप्पे असणार हे कोणी कल्पिलेच नव्हते. त्यामुळे दोन ब्रिजांनी मिळून एखादे वर्तुळ तयार केले तर सर्वांसाठी असलेला संदेश त्या वर्तुळात फिरत राहतो, प्रत्येक ब्रिजपाशी त्याच्या नव्या प्रती निघतात, आणि काही क्षणांत जाळ्यात दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. वर्तुळ टाळावे असे सांगणेही पुरेसे नव्हते, कारण एखादी केबल तुटली तर पर्यायी वाट असावी म्हणून लोक मुद्दाम दुहेरी जोडणी करतात. याच कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर उपाय दिला: सर्व ब्रिजांनी ठरावीक काळाने एकमेकांना छोटे संदेश पाठवावेत, सर्वांत लहान क्रमांकाचा ब्रिज मूळ मानावा, प्रत्येकाने त्या मुळापर्यंतची आपली सर्वांत जवळची वाट शोधावी, आणि या वाटांत न बसणारे दुवे बंद करून राखीव ठेवावेत. असे केल्यावर जाळ्याला झाडाचा आकार येतो, ज्यात कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये एकच मार्ग असतो, आणि एखादी फांदी तुटली की राखीव दुवा उघडतो. पर्लमन यांनी त्या निबंधात आपल्या पद्धतीचे सार सांगणारी स्वतःची छोटी कविताही दिली होती. विशेष म्हणजे मोठी जाळी अशा ब्रिजांनी जोडण्याऐवजी राउटरने जोडावीत, असेच त्यांचे स्वतःचे मत होते. तरीही ज्या तडजोडीवर त्यांचा विश्वास नव्हता तिला त्यांनी टिकण्याजोगे रूप दिले, आणि १९९० मध्ये ब्रिजांच्या अधिकृत प्रमाणात ते समाविष्ट झाले.

ब्रिजला सहसा दोनच बाजू असत, आणि त्याचे काम दोन गजबजलेल्या केबली वेगळ्या ठेवण्याचे होते. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र बाजू मिळण्यासाठी आधी इमारतींतील तारांची मांडणी बदलावी लागली, आणि हा बदल स्विचशी संबंध नसलेल्या कारणाने झाला. जाड पिवळी केबल खोलीखोलींतून फिरवणे कटकटीचे होते, आणि तिचा एखादा सांधा बिघडला तर दोष शोधण्यात दिवस जात. झेरॉक्समधूनच निघालेल्या सिनॉप्टिक्स या कंपनीने १९८५ पासून, आणि इतरांनीही, प्रत्येक टेबलापासून मजल्यावरील एका खोलीपर्यंत वेगळी तार नेण्याची पद्धत रूढ केली, आणि १९९० च्या प्रमाणाने टेलिफोनसारख्या पिळाच्या साध्या तारेवर पूर्ण वेगाचे इथरनेट चालू लागले. त्या खोलीत ‘हब’ नावाची पेटी असे, जी एका तारेवरून आलेला प्रत्येक बिट बाकी सर्व तारांवर पुन्हा उच्चारी. तारा वेगळ्या झाल्या तरी जाळे एकच राहिले, टक्करीही तशाच राहिल्या. पण भिंतीतील तारा आता मध्यावर येऊन मिळत होत्या, आणि मधली पेटी बदलली तर कोणाच्या टेबलावरील काहीही बदलण्याची गरज नव्हती.

ती पेटी सिलिकॉन व्हॅलीतील ‘कल्पना’ या कंपनीने बदलली. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी १९८७ साली स्थापलेल्या या कंपनीला भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव दिलेले होते, आणि १९९० मध्ये तिने बाजारात आणलेली सात पोर्टांची पेटी हा पहिला इथरनेट स्विच मानला जातो. पोर्ट म्हणजे तार जोडण्याची खाच. हबमध्ये सात संगणक मिळून एकाच वेळी एकच संभाषण करू शकत. या पेटीत पहिल्या पोर्टाचा संदेश तिसऱ्याकडे जात असताना दुसऱ्याचा पाचव्याकडे जाऊ शके, कारण आत प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र वाट तात्पुरती उघडली जाई. दुसरा बदल वेळेशी संबंधित होता. तोवरचे ब्रिज पूर्ण संदेश साठवून, शेवटची तपासणी संख्या पडताळून मगच तो पुढे पाठवीत, आणि एक कोटी बिटांच्या वेगात मोठा संदेश पूर्ण आत यायलाच सुमारे १.२ मिलिसेकंद लागत. ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता फ्रेमच्या अगदी आरंभी असल्यामुळे, संकेत जुळवणारे आठ आणि पत्त्याचे सहा असे चौदा बाइट आले की संदेश कोठे जायचा ते कळते, आणि त्यासाठी ११.२ मायक्रोसेकंद पुरतात. ‘कल्पना’च्या पेटीने तेवढ्यावरच निर्णय घेऊन संदेशाचे डोके बाहेर काढायला सुरुवात केली, त्याचे शेपूट अजून आत येत असतानाच. खराब संदेश अडवण्याची संधी यात हुकते, कारण तपासणी संख्या शेवटी असते. पण वाट पाहण्याचा काळ सुमारे शंभरपट कमी होतो. पुढे वेग वाढून साठवण्याचा काळ आपोआप घटला व वेगवेगळ्या वेगाचे पोर्ट एकाच पेटीत आले तेव्हा बहुतेक स्विच पुन्हा आधी साठवून मग पाठवण्याकडे वळले, आणि तत्काळ पाठवण्याची पद्धत शेअर बाजारासारख्या मायक्रोसेकंदांची किंमत असलेल्या ठिकाणी राहिली.

पेटीच्या आतला प्रश्न बाहेरच्या तारांपेक्षा कठीण होता, आणि त्याचे उत्तर दूरध्वनी क्षेत्रातील संशोधनातून आले. दोन संदेश एकाच पोर्टाकडे निघाले तर एकाला थांबावेच लागते. तो आत येणाऱ्या रांगेत थांबला तर त्याच्यामागचे, दुसऱ्या मोकळ्या पोर्टाकडे जाणारे संदेशही अडकून पडतात. अशा रांगांचा स्विच, संदेश यादृच्छिक दिशांना जात असतील तर आणि पोर्ट पुष्कळ असतील तर, आपल्या क्षमतेच्या केवळ ५८.६ टक्के काम करू शकतो, हे मार्क कॅरोल, मायकेल ह्लुचीज आणि सॅम्युएल मॉर्गन यांनी १९८७ मध्ये गणिताने दाखवले. म्हणून पुढील स्विचांत येणाऱ्या प्रत्येक पोर्टापाशी, जायच्या प्रत्येक पोर्टासाठी वेगळी रांग ठेवण्याची रीत आली. पत्त्यांचा तक्ताही अशा स्मृतीत ठेवला जाऊ लागला, जिला पत्ता दाखवला की ती सर्व नोंदी एकाच वेळी ताडून उत्तर देते.

बाजाराने निर्णय झपाट्याने दिला. राउटरांच्या व्यवसायात असलेल्या सिस्को कंपनीने १९९३ मध्ये क्रेसेंडो, १९९४ मध्ये ‘कल्पना’ आणि १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन या स्विच बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या. दूरध्वनी कंपन्यांनी पुरस्कारलेली, ५३ बाइटांच्या ठरीव तुकड्यांची एटीएम ही पद्धत कार्यालयांतही येईल असे तेव्हा अनेकांना वाटत होते, परंतु तिच्यासाठी प्रत्येक संगणकातील कार्ड बदलावे लागे, तर स्विचसाठी काहीच बदलावे लागत नसे. एकाच तारेवर एकाच संगणकाचा पोर्ट असला की टक्करीचा प्रश्नच उरत नाही आणि दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलता येते. १९९७ मध्ये हे दुतर्फा इथरनेट प्रमाणित झाले. १९९८ च्या आणखी एका प्रमाणाने फ्रेममध्ये बारा बिटांचा जाळे-क्रमांक घालून एकाच स्विचवर हजारो आभासी जाळी वेगळी ठेवण्याची सोय केली. सेकंदाला १,००० कोटी बिटांच्या, २००२ साली आलेल्या इथरनेटमध्ये टक्करींची व्यवस्था ठेवलेलीच नाही. ज्या तंत्रासाठी इथरनेट जन्मले ते त्यातून निघून गेले, आणि उरले ते फ्रेमची मांडणी आणि ४८ बिटांचा पत्ता.

ज्या वर्षी टक्करी संपल्या त्याच वर्षी वर्तुळाच्या जुन्या धोक्याचे गांभीर्य बॉस्टनमध्ये दिसले. तेथील बेथ इझ्राएल डीकोनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे वर्षानुवर्षे एकाला एक स्विच जोडत वाढले होते, आणि झाडाच्या पद्धतीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जितके स्विच गृहीत धरले होते त्याहून ते अधिक पसरले होते. नोव्हेंबर २००२ मध्ये रहदारी अचानक वाढली तेव्हा बंद ठेवलेले दुवे पुन्हा उघडले, संदेश वर्तुळात फिरू लागले, आणि सुमारे चार दिवस डॉक्टर व परिचारिकांना कागदी नोंदींवर काम करावे लागले. रुग्णालयाने ही घटना लपवली नाही, उलट तिची सविस्तर चर्चा होऊ दिली, आणि त्यामुळे जाळे चालवणाऱ्यांच्या शिक्षणात तिला आज जागा आहे. कोणालाही न सांगता बसवता येणारी पेटी कोणालाही न विचारता वाढतही जाते, आणि तिच्या मर्यादा अशा दिवशीच कळतात.

आज स्विच कार्यालयाच्या खोलीपुरता राहिलेला नाही. २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या मुंबईतील केंद्रासारखी ठिकाणे, जेथे निरनिराळ्या इंटरनेट कंपन्या आपली जाळी जोडतात आणि ज्यांच्यामुळे देशातल्या देशात जाणारा संदेश परदेशी वळसा घालण्यातून वाचतो, ती मुळात इथरनेट स्विचच आहेत. शिकण्याची रीतही तीच, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून तक्ता भरण्याची. या रीतीत पत्ता खरा आहे का याची तपासणी कधीच नव्हती. खोट्या पत्त्यांचे हजारो संदेश सोडून तक्ता भरून टाकला, तर अनेक स्विच ओळख नसलेले सगळे संदेश सर्व पोर्टांवर पाठवू लागतात आणि दुसऱ्याचे टपाल वाचता येते. म्हणून एका पोर्टावर किती पत्ते मान्य करायचे याची मर्यादा घालण्याची सोय आली, आणि २००१ च्या प्रमाणाने पोर्ट उघडण्यापूर्वी ओळख सिद्ध करण्याची व्यवस्था केली. या तपासणीविना चालणाऱ्या तक्त्याचा उपयोग आता उलट बाजूनेही होत आहे. आयुष्यभर न बदलणारा क्रमांक म्हणजे माणसाचा माग काढण्याचे साधन हे लक्षात आल्यावर, २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाइल फोन वाय-फायच्या जाळ्यात आपला कारखान्यातील पत्ता न देता बनवलेला पत्ता देऊ लागले, आणि दलाल व प्रिंटिस यांनी मांडलेले यंत्राच्या कायम क्रमांकाचे तत्त्व त्या मर्यादेत बाजूला पडले. जाळ्यातील स्विच मात्र तो बनवलेला पत्ताही इतरांसारखाच तक्त्यात लिहितात, आणि तो फोन निघून गेला की ठरलेल्या मुदतीनंतर ती ओळ पुसून टाकतात.